सामानापाशी कोण

"कुत्रं एकदम शांत आहे हो. चावत-बिवत नाही, भुंकतंसुद्धा मोजकंच," मुलगा समुद्रकाठच्या भाड्याच्या खोलीच्या व्हरांड्यात पायरीवर उभा राहून फोनवर सांगत होता. "सोमवारी आणून सोडतो. तुमच्या गोदामाला राखण होईल आणि त्यालाही मोकळी जागा मिळेल."

आत ओट्यापाशी उकडलेली अंडी सोलणाऱ्या मावशींचा हात थांबला. ज्या कुत्र्याविषयी हे चाललं होतं ते त्यांच्याच पायापाशी बसून होतं आणि अंड्याचा एखादा तुकडा खाली पडतो का याची वाट बघत होतं.

मावशी म्हणजे फोनवर बोलणाऱ्याची आई. पण त्यांना आई म्हणणारा हा एकटाच. बाकी सगळा बसस्टँड त्यांना मावशी म्हणायचा. हमाल म्हणत, ड्रायव्हर म्हणत, एकदा तर तपासणीला आलेला साहेबही बोलण्याच्या ओघात मावशी म्हणून गेला होता. तेव्हा आपणही मावशीच म्हणू. बसस्टँडच्या क्लोकरूमवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी उभा जन्म लोकांच्या बॅगा सांभाळल्या होत्या. महिनाअखेर त्या रिटायर होणार होत्या.

अर्धवट सोललेलं अंडं हातात घेऊनच त्या बाहेर आल्या.

"कोणाला सोडतोयस सोमवारी?"

"अगं, पार्सलला. माझ्या ओळखीचे गोदामवाले आहेत ना, त्यांना हवंच होतं एखादं कुत्रं." मुलाने फोन खिशात टाकला. "आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं चालत नाही. तू आलीस की मागे त्याच्याकडे कोण बघणार?"

"मी कुठे आले की?"

"आमच्याकडे. असं काय करतेस आई? हिची रजा संपतेय, तू रिटायर होतेयस, बाबाही येतील. बाळाकडे तू बघणार. ठरलंय ना आपलं."

"कधी ठरलं?"

मुलाने आठवून पाहिलं. "ठरलं म्हणजे, ठरल्यातच जमा होतं ना. बाबांना विचार."

"हं," पेपराच्या आडून बाबा म्हणाले. मावशींचे यजमान पूर्वी टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. बोलणं कमी, आणि जे काही असेल ते पेपराच्या मागून.

या घरात कुठलीच गोष्ट कधी कोणी ठरवत नसे. ती आपोआप ठरायची आणि ठरली की मावशींच्या अंगावर येऊन पडायची. नणंदबाई दर सुट्टीला बरोबर येणार, हे असंच ठरलं होतं. मुलाने वेगळं घर घेतलं तेव्हा त्याची जुनी सायकल, खोकी, तारा तुटलेली गिटार मावशींच्या माळ्यावर राहणार, हेही असंच. एकदा ठरलेल्या गोष्टीवर बोलायचं म्हणजे भांडण उकरून काढल्यासारखं व्हायचं, आणि मावशी आजवर ते टाळत आल्या होत्या.

"बरंच झालं की," आरामखुर्चीतून नणंदबाई म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर हाताला काम नसलं की घर खायला उठतं माणसाला. त्यापेक्षा नातीत जीव रमेल."

नातीत मावशींचा जीव रमलेलाच होता. आठ महिन्यांचं ते गोड गाठोडं सुनेच्या मांडीवर बसून पावाचा तुकडा चोखत होतं, आणि त्याच्याकडे पाहिलं की मावशींचं अंग अजूनही सैल पडायचं. प्रश्न तो नव्हता. घर आपल्याला खायला उठेल अशी भीती त्यांना कधी वाटलीच नव्हती. उलट रिटायर झाल्यावर काय करायचं हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आणि ते इतकं साधं होतं की कोणाला सांगायचीही लाज वाटावी. सकाळी पार्सलला घेऊन कालव्याच्या कडेने चालत सुटायचं. दमल्यावर बसायचं. शेजारी कोणी बॅग ठेवली तर तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

पार्सल तरी त्यांच्याकडे आला कुठून? क्लोकरूममधूनच. एका माणसाने झाकणाची टोपली ठेवली, टोकन घेतलं आणि तो गेला तो गेलाच. संध्याकाळी टोपली कुईकुई करायला लागली. नियमाप्रमाणे बेवारस सामान वर पाठवायचं असतं. मावशींनी रिकामी टोपली वर पाठवली. तेव्हापासून तो त्यांच्या मागे मागे असायचा. आता म्हातारा झाला होता, मागचा एक पाय ओढत चालायचा, ऐकायचाही मनाला येईल तेव्हाच. गोदामाच्या राखणीला त्याला नेऊन सोडणं म्हणजे त्याला फसवणंच होतं.

"त्याला मी कुठेही सोडणार नाही," मावशी म्हणाल्या.

"बघू गं, सोमवारपर्यंत वेळ आहे," मुलगा म्हणाला आणि टॉवेल शोधायला आत गेला.

'बघू' म्हणजे काय हे मावशींना चांगलं ठाऊक होतं. त्या परत ओट्यापाशी गेल्या. राहिलेली अंडी त्यांनी सोलली नाहीत. हातातलं ते अंडं तेवढं सोलून त्यांनी अख्खंच्या अख्खं पार्सलला घातलं.

समुद्रावर जायचं तर या घराची एक रीत होती. यजमान पाण्यापासून चार हातांवर चटई अंथरायचे, कारण तिथे वाळू गार असते. मग चटईवर पिशव्या पडत, पिशव्यांवर कपडे, कपड्यांवर चष्मे, घड्याळं, किल्ल्या, आणि भोवती चपलांची रांग. मधोमध मावशी. "आई आहे ना," असं म्हणायचं आणि पाण्याकडे पळायचं. लहानपणी मुलगा असा पळायचा, मग त्याचे मित्र पळाले, आता सून आणि नणंदबाईही. वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर, त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत हे घर सुट्टीला येत होतं. किनाऱ्याच्या टोकाला टेकडी होती आणि टेकडीवर पांढरा दीपस्तंभ. सगळे आळीपाळीने तिथे जाऊन आले होते. नणंदबाई तर दरवर्षी जायच्या आणि दरवर्षी येऊन "काय वारा गं वर!" असं सांगायच्या. मावशींनी तो दीपस्तंभ चटईवरून पाहिला होता. सामानापाशी कोणीतरी हवं ना.

आणि दरवर्षी एक गोष्ट व्हायची जी कोणाला माहीतच नव्हती. भरती चढू लागली की मावशी उठायच्या. चटई थोडी मागे ओढायच्या, एकेक पिशवी वर न्यायच्या, चपला गोळा करायच्या, परत बसायच्या. पाणी पुन्हा जवळ आलं की पुन्हा उठायच्या. मंडळी ओलीचिंब होऊन परत यायची तेव्हा सामान कोरडं आणि मावशी जागेवर. ती जागा मघाची नव्हे, हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. समुद्राला भरती येते हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलं होतं; पण ती आपल्या चपलांपर्यंतही येते, हे त्या घरात कोणाला कळायची वेळच आली नव्हती.

त्या दिवशी चटई अंथरून झाली, ढीग रचून झाला, आणि मावशी बसल्या नाहीत. त्यांनी पार्सलच्या गळ्यात दोरी अडकवली.

"मी टोकापर्यंत जाऊन येते," त्या म्हणाल्या. "सामानाकडे बघा कोणीतरी."

"हं," यजमान म्हणाले. ते चष्मा काढून बुटात ठेवत होते.

"ये ये," नणंदबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पाण्यावर होतं.

मुलगा बाळाला खांद्यावर बसवून सुनेकडून फोटो काढून घेत होता. त्याने हात हलवला. तो आईला की कॅमेऱ्याला, कोण जाणे. मावशी अजून एकदा म्हणाल्या, "मी निघाले. पाणी चढेल, चटई वर घ्या." मग त्या खरोखरच निघाल्या.

पायवाट टेकडीच्या कडेकडेने वर जात होती. एका बाजूला काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला खाली खडक आणि त्यावर आपटणारं पाणी. रुंदी एका माणसापुरती. पार्सल पुढे, मावशी मागे. तो दर थोड्या वेळाने थांबायचा, एखादं झुडूप नीट हुंगून घ्यायचा आणि मग आपला पाय ओढत पुढे निघायचा. मावशींना घाई नव्हती. गुडघे कुरकुरत होते, श्वास लागत होता, आणि हे सगळं त्यांना फार आवडत होतं. वाटेत एक जोडपं भेटलं, त्यांनी कडेला अंग चोरून पार्सलला वाट दिली. मावशींनी त्यांच्या पाठीवरच्या बॅगा पाहिल्या आणि मुद्दाम नजर समुद्राकडे वळवली.

अर्ध्या वाटेवर एक वळण होतं. तिथून सगळा किनारा खाली पसरलेला दिसायचा. पार्सल बसला म्हणून मावशीही थांबल्या, आणि त्यांना चटई दिसली.

चटईपाशी कोणी नव्हतं. पाणी पोचायला आलं होतं. एक लाट चपलांच्या रांगेपर्यंत येऊन मागे फिरली.

मावशींनी आधी बाळ शोधलं. ते किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, वर कोरड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी, बापाच्या खांद्यावर होतं. सून शेजारी. यजमान आणि नणंदबाई होडीला टेकून उभे होते. सगळे सुखरूप, सगळे चटईकडे पाठ करून. प्रत्येकाला वाटत असणार, सामानापाशी आई आहे.

हाक मारली असती तर वाऱ्यावर ती खाली गेली असती. निदान दोन्ही हात हलवता आले असते. झपझप उतरलं असतं तर निम्मं सामान तरी हाती लागलं असतं. मावशींचे पाय तर केव्हाच मागे वळले होते, इतक्या वर्षांची सवय. घशापर्यंत हाकही आली होती. त्यांना स्वतःचाच राग आला. गोदामावर कोणाला सोडायचं हे ठरवताना यांना आपल्याला एक हाक मारावीशी वाटली नाही, आणि यांच्या चपलांसाठी आपण ऊर फुटेस्तोवर ओरडायचं? का म्हणून?

पुढची लाट चटईखाली शिरली. चटईचा कोपरा उचलला गेला.

"चल रे," मावशी पार्सलला म्हणाल्या, आणि पाठ फिरवून वर चढू लागल्या.

वर खरंच वारा होता. नणंदबाई इतकी वर्षं खोटं बोलत नव्हत्या. दीपस्तंभाच्या पायाशी एक बसकं बाक होतं, त्यावर मावशी बसल्या. पार्सल त्यांच्या पावलांवर हनुवटी ठेवून पसरला. समोर नुसतं पाणी आणि पाणी, कोणाच्याही मालकीचं नसलेलं. मावशींनी आधी पोटभर पाहून घेतलं. मग थोडं रडूनही घेतलं, कारण इतक्या वर्षांत इथे यायला आपल्याला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, हे त्यांना तिथे बसल्यावर समजलं. डोळे पुसले आणि पुन्हा समुद्र पाहत बसल्या.

मंडळी आली ती बरीच उशिरा, आणि एकामागून एक. यावंच लागलं त्यांना. खोलीची किल्ली मावशींच्या कमरेला होती.

सगळ्यांत पुढे मुलगा, अनवाणी, अंगात ओला शर्ट. त्याच्या मागे बाळाला पोटाशी बांधलेली सून, ती एका पायावर उड्या मारत दुसऱ्या तळव्यातला काटा काढत होती. मग नणंदबाई, आणि शेवटी चष्म्याशिवाय चाचपडत येणारे यजमान. वाळूने माखलेली एकुलती एक पिशवी मुलाच्या हातात होती.

"आई, तुझं लक्ष कुठे होतं?"

"समुद्राकडे," मावशी म्हणाल्या.

"सगळं गेलं. चपला गेल्या, बाबांचा चष्मा गेला, गाडीची किल्ली बुटात होती, बूट गेले. बाळाची पिशवी तेवढी मिळाली. तू सामानापाशी नव्हतीस?"

"मी इथे होते. सांगून निघाले होते. दोनदा सांगितलं."

"आम्हाला नाही ऐकू आलं."

"ते मला दिसलं."

"पण आई," मुलाचा आवाज चढला, "आम्ही तुझ्या भरवशावर सगळं टाकून गेलो ना?"

"टाकून गेलात, खरंय." मावशी बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. "माझ्या खिडकीवर कोणी बॅग अशी टाकून निघालं तर मी ती घेत नाही. बॅग हातात द्यावी लागते. मी हो म्हणावं लागतं. टोकन दिलं की मग ती माझी. जन्मभर परक्या माणसांनी हे पाळलं. तुमच्यापैकी एकाने तरी आज मला विचारलं, आई, बघशील का म्हणून?"

"घरात कोणी विचारतं का असं?" नणंदबाई म्हणाल्या.

"नाही ना विचारत. म्हणून सांगते. आणि अजून एक सांगते, नंतर कानावर यायला नको. मी वरून पाहिलं होतं. पाणी चटईपाशी आलं होतं तेव्हा वेळ होता. मी हाक मारली नाही."

वाऱ्यात मुलाचा शर्ट फडफडत होता.

"बघितलंस आणि गप्प राहिलीस?" नणंदबाईंनी विचारलं.

"हो."

"कमाल आहे बाई तुझी."

"असू दे. चपला मी आणून देईन सगळ्यांना. पण सोमवारी पार्सल कुठेही जाणार नाही. आणि मीही राहायला येणार नाही. मी आणि पार्सल आपल्या घरी राहणार. ह्यांना यायचं असेल तर ह्यांनी यावं तुझ्याकडे, माझं काही म्हणणं नाही."

यजमानांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. या वेळी हाताशी पेपरही नव्हता. "मी कशाला जातोय?" ते म्हणाले. "मला कुठे कोणी विचारलं होतं?"

सून बाळाची पाठ थोपटत उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. ती मुलासारखी चिडली नव्हती, घाबरली होती. "मग मी काय करू, आई?" ती म्हणाली. "रजा वाढवून मिळणार नाही."

तिच्याकडे पाहताना मावशींना बसल्या जागी अवघडल्यासारखं झालं. हिचा काहीच दोष नव्हता, आणि ते सांगूनही हिची अडचण सुटणार नव्हती. "तू कामावर जायचं," त्या म्हणाल्या. "चांगलं पाळणाघर बघू. मी येते तुझ्याबरोबर शोधायला, पायाला भिंगरी लावून फिरू. रविवारी बाळ माझ्याकडे. दारात येऊन हातात द्यायचं आणि कधी नेणार ते सांगून जायचं."

सुनेने मान हलवली. ते हो होतं की नुसतंच ऐकलं असं, ते कळलं नाही.

"रविवारी," मुलगा म्हणाला. "बघ हं आई. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या आजीचा लळा नाही लागत पोरांना. उद्या ती तुझ्याकडे यायला रडली तर मला बोलू नकोस."

हे मात्र नेमकं लागलं. कुठे लागतं हे मुलाला बरोबर ठाऊक असतं. मावशींनी दूर पाण्याकडे पाहिलं.

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. पार्सलही उठला, आधी पुढचे पाय, मग विचार करून मागचे.

उतरायची वाट तीच, एका माणसापुरती. मुलाला पुढे व्हायचं होतं. त्याला किल्लीवाल्याला गाठायचं होतं, ऊन उतरायच्या आत गाडी उघडायची होती. "तू थांब जरा कडेला, आम्ही पुढे होतो," तो म्हणाला. मावशींनी झुडपांकडे पाहिलं, खालच्या खडकांकडे पाहिलं. "इथे कडेला जागा कुठे आहे थांबायला?" त्या म्हणाल्या आणि पार्सलची दोरी सैल सोडली.

पार्सल पुढे निघाला. त्याच्या मागे मावशी. मावशींच्या मागे, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून यजमान. मग मुलगा, मग सून, शेवटी "हळू रे, खडे टोचतायत" असं पुटपुटत नणंदबाई. मागचं सगळं घर अनवाणी, आणि लंगड्या कुत्र्याच्या चालीने.

मागे बाळ बापाकडे आलं असावं, कारण त्याचा आवाज आता जवळून येत होता. ते बा-बा-बा असं काहीतरी एकसारखं बोलत होतं. बहुधा हात पुढे करूनच, कारण आजीची पाठ दिसली की ते तसं करायचं. मागे वळून पाहिलं असतं तर मावशींचे हातही पुढे झाले असते आणि मग दुपारचं सगळं बोलणं फुकट गेलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दोरी दोन्ही हातांत धरली.

वळणापाशी पार्सल थांबला. त्याने एक झुडूप हुंगलं, मग त्याचीच दुसरी फांदी हुंगली. मावशी थांबल्या. त्यांच्या मागे यजमान थांबले, त्यांच्या मागे सगळे थांबले. बाळाचं बोलणं चालूच होतं. पार्सलचं हुंगून होईपर्यंत मावशी समोर बघत उभ्या राहिल्या.